जागा

सत्ताविसाव्या मेलचाही विषय तोच ठेवला:
कोमुझ, तीन तारा, एक बाई.
आधीच्या सव्विसांची उत्तरं एका हाताच्या बोटांवर,
त्यांतली दोन यंत्रानं पाठवलेली, मालक सुट्टीवर.
एक खरं, अगदी नम्र:
यंदा जागा नाही.

बिश्केकमधला जानेवारी म्हणजे कोळशाचा धूर
चौथ्या मजल्याच्या काचेला नाक लावून उभा.
भिंतीवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
रॉटरडॅम पाच तास मागे, माँट्रियल अकरा.
कुणाच्या झोपेत, कुणाच्या जेवणात
मी इथून वाद्यं पाठवत असते.

ते विचारतात, चांगल्या आवाजातला
एखादा लाइव्ह व्हिडिओ आहे का?
म्हणजे चांगलं रेकॉर्डिंग मिळायला
आधी चांगलं रेकॉर्डिंग हवं.
पोहरा विहिरीत आणि दोर घरी.

म्हणून नारीनच्या पुढे, शाळेच्या अडगळीच्या खोलीत
भिंतींना गोधड्या लावल्या.
बुरुलकान-एजे गुरं बांधून आली, हात धुऊन,
मांडीवर बापानं कोरलेला जर्दाळूचा कोमुझ.
दोनदा वाजवलं, दोनदा माझा फोन रुसला.
तिसऱ्यांदा ऐन मध्यावर
बाहेर आक्तोश भुंकला. दोनदा.
एजेनं भुवई उचलली, मनगट उलटं केलं,
आणि हात पुन्हा तारांवर असा आणला
की जणू कुत्र्यानंच सम दाखवली होती.
बॅटरी चार टक्के. तेवढंच हाती लागलं.

अकरा दिवसांनी वाउटर नावाच्या माणसाचं उत्तर:
फार आवडलं.
तो कुत्रा रचनेचा भाग आहे का?

पाच वर्षं मी हा धंदा करते.
खरं बोलून आजवर दोन जागा मिळाल्यात.
लिहिलं: हो.

मग फॉर्म. किती माइक? एक.
मंचावर उभं राहणार की बसणार? बसणार.
खाण्याचं पथ्य? एजे म्हणाली,
कोंबडी नको, ते पाखरू आहे, मटण नव्हे.
मानधन नाही, पण तेवीस लाख लोक बघतात.
ती जरा वेळ गप्प.
‘एवढ्यांना चहा कोण देणार?’

व्हिसाच्या खिडकीपलीकडून विचारलं,
परत याल याचा पुरावा?
‘गाय एप्रिलात व्यायची आहे.’
मी भाषांतर करताना गाय शेतीच्या मालमत्तेत घातली.
मिळाले नऊ दिवस.

मार्चमधला मंगळवार. पाण्याकाठचं जुनं गोदाम,
आवाज गिळणाऱ्या भिंती, पाच कॅमेरे,
आणि माणूस एकही नाही.
‘कुणाकडे बघून वाजवू?’
काचेमागून वाउटरनं हात हलवला.
तिनं मान हलवली, पण बघितलं दाराकडे.

लाल दिवा लागला. तीच रचना.
मध्यावर पोचली आणि थांबली.
हात हवेत. भुवई वर.
काचेमागे कुणीतरी वायर तपासू लागलं.
मला घाम फुटला: विसरली? दुखतंय काही?
मग मोजलं, आणि कळलं.
दोन भुंकण्यांइतकं.
ती वाट बघत होती.
मनगट उलटं झालं, हात तारांवर आला,
आणि गाडं बिनचूक पुढे निघालं.

नंतर वाउटरनं हळूच विचारलं,
मधली शांतता फार लांबलीय, कापू का?
आमच्याकडे गाणाऱ्याला म्हणतात, काय जागा घेतली.
नाही, ते आमच्याकडे नाही म्हणत.
कुठल्यातरी दूरच्या भाषेत म्हणतात,
एका बासरीवाल्यासाठी मेल लिहिताना शिकले होते.
म्हटलं, राहू दे. जागा आहे ती.

एजे कोमुझ शालीत गुंडाळत होती.
नारीनला तेव्हा दुपारचे चार.
आक्तोश बहुधा झोपला असेल.